सूर्य मावळायच्या आत

सांगलीच्या विश्रामबागेत वरचा मजला बांधलात की तो तुमचा राहत नाही, बारावीच्या पोरांचा होतो. आमचाही झाला. चार पावलांवर क्लासेस, मागच्या रस्त्याला कॉलेज, त्यामुळे दर दोन वर्षांनी जूनमध्ये कुणीतरी आई आपलं लेकरू घेऊन जिना चढते. कुकर, मिक्सर, देवाचा फोटो आणि पोराच्या पुस्तकांची खोकी. नवरा गावाकडे शेती नाहीतर दुकान बघतो आणि रविवारी तूप-लोणचं घेऊन येऊन जातो. ती बाई इथं दोन वर्षं राहते, दूध तापवते, पोराला हाका मारून उठवते, आणि परीक्षा झाली की टेम्पो बोलावून निघून जाते. मी शाळेत मास्तरीण होते, निवृत्त झाले, पण या आयांमुळे माझी शाळा काही सुटली नाही.

त्या वर्षी मात्र आईऐवजी बाप आला. पांढरी विजार, पांढरा शर्ट, डोक्यावर गांधी टोपी आणि खांद्यावर ज्वारीच्या पिठाचा डबा. मागे एक उंच, काटकुळी पोरगी, तिच्या हातात पोळपाट आणि लाटणं. मी म्हटलं, हिची आई कुठाय?

"आवं बाई, ती कशी येणार? आमच्या म्हशी दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत न्हाईत. मला तर जवळच येऊ देत न्हाईत," भूपाल अण्णा म्हणाले. "तवा ठरलं, म्हशींपाशी ती, पोरीपाशी मी."

मला हसू आलं, पण ते अजिबात हसत नव्हते. पलूसजवळच्या गावात त्यांची द्राक्षबाग होती, ती त्यांनी धाकट्या भावावर सोपवली होती. पोरीचं नाव त्रिशला. जैन घरात शोभेल असं नाव, आणि अण्णांच्या तोंडून ते अर्धं लाडानं, अर्धं अभिमानानं यायचं.

अण्णांना सगळा स्वयंपाक यायचा. मी सुरुवातीला उगाच नाक खुपसायला वर गेले, तर माझीच पंचाईत झाली. भाकरी माझ्यापेक्षा गोल, मुगाची उसळ अशी की नाव ठेवायला जागा नाही. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा तर घरातच नाही. दुपारी गल्लीतल्या आया आमच्या कट्ट्यावर भाजी निवडायला बसायच्या, तिथं अण्णाही मेथीची जुडी घेऊन बसायला लागले. पहिले काही दिवस बायका पदर सावरून गप्प. मग एकीनं विचारलं की पोळ्या मऊ कशा राहतात, अण्णांनी सांगितलं, आणि त्या दिवसापासून ते त्यांच्यातलेच झाले. क्लासच्या पालकसभेला सगळ्या बायकांत हा एकच टोपीवाला. बायका सरांना टेस्टचे मार्क विचारायच्या, अण्णा विचारायचे, पोरं पाणी पितात का? सर वैतागायचे. अण्णा शांतपणे म्हणायचे, "काय न्हाई, होतंय." कुठलीही गोष्ट अडली, गॅस संपला, पाणी गेलं, पोरगी रडली, त्यांचं हेच.

एका गोष्टीत मात्र "होतंय" चालत नसे. सूर्य मावळायच्या आत जेवण. अण्णांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दिवस मावळल्यावर कुणी खात नव्हतं, आणि त्रिशलानं तर सातवीत असताना गावात चातुर्मासाला आलेल्या महाराजांपुढं स्वतःहून नियम घेतला होता. ही हकीकत मी अण्णांकडून इतक्यांदा ऐकली की मला ती तोंडपाठ झाली. एवढीशी पोर, पोलक्यात, सगळ्या मंडपापुढं उभी राहिली आणि महाराजांना म्हणाली, मला नियम द्या. सांगताना दरवेळी अण्णांचे डोळे भरायचे. गल्लीतल्या आया आपापल्या पोरांचे टक्के सांगायच्या, अण्णांकडे सांगायला हे होतं.

आता क्लास सुटायचा साडेसातला. हिवाळ्यात सांगलीत सहालाच अंधारायला लागतं. मग काय करावं? अण्णा थेट क्लासच्या सरांना भेटले. सर म्हणाले, मध्ये कुणाला सोडत नाही, उद्या सगळेच मागतील. अण्णा दोन दिवस सरांच्या केबिनबाहेर बाकावर बसून राहिले. भांडले नाहीत, काही बोललेसुद्धा नाहीत. तिसऱ्या दिवशी सरांनी हात टेकले. त्यानंतर रोज संध्याकाळी अण्णा डबा घेऊन क्लासच्या फाटकाशी. त्रिशला खाली यायची, अण्णांच्या मोटरसायकलच्या सीटवर डबा उघडायचा, आणि ती उभ्याउभ्या जेवायची. अण्णा एका हातात पाण्याचा तांब्या धरून इमारतींच्या मधून पश्चिमेकडे बघत राहायचे. "सावकाश जेव, अजून हाय," असं म्हणायचे. मी एकदा बाजारातून येताना हे बघितलं. पोरगी मान खाली घालून पटापट घास घेत होती आणि वर खिडकीतून दोन-तीन पोरं बघत होती. मला वाटलं, सतरा वर्षांच्या पोरीला हे कसं वाटत असेल? पण त्रिशलाच्या तोंडावरून काही कळायचं नाही. गुणी पोर. इतकी गुणी पोरं मला थोडी भीतीच घालतात.

तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला एकदाच कळलं. ऑगस्टमध्ये कृष्णेत होड्यांच्या शर्यती झाल्या तेव्हा अण्णा तिला घाटावर घेऊन गेले, मीही गेले. गर्दी ओरडत होती, आणि ही पोरगी विचारत होती की त्या होडीत माणसं कमी असून ती पुढं कशी? नावाडी काहीतरी बोलले, तिला पटलं नाही. घरी येऊन तिनं कागदावर होडीचा तळ काढून मला समजावलं, पाणी कसं बाजूला सरतं, कुठं अडतं. मला ओ की ठो कळलं नाही. पण तिचा चेहरा मला आजही आठवतो. त्यानंतर तिनं शोधून काढलं की जहाजं कशी बांधायची याचं शिक्षण असतं, आणि ते केरळात, समुद्राकाठच्या एका विद्यापीठात मिळतं.

अण्णांनी तिला कधी अडवलं नाही, हे मी आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला ते तसले बाप वाटतील. परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या फाटकाबाहेर बाकीचे आईबाप पोरांच्या अंगावर धावून जायचे, कसा गेला, किती सुटले, तो गणिताचा अमका आला का. अण्णा बाजूला झाडाखाली उभे. पोरगी आली की तिची पिशवी घ्यायचे आणि गाडी सुरू करायचे. मी म्हटलं, अण्णा, विचारा तरी. तर म्हणाले, "बाई, तिला म्हाईत हाय न्हवं? मग मला कळून काय करायचंय." आमच्या शाळेत असा एक बाप मला मिळाला असता तर मी दहा वर्षं जास्त नोकरी केली असती.

निकाल आले. केरळातल्या विद्यापीठात तिला जागा मिळाली, आणि इथं विश्रामबागेतल्या कॉलेजातही इलेक्ट्रिकलला मिळाली. केरळची जागा धरायची की सोडायची हे आठवड्याच्या आत कळवायचं होतं. घरात बाकी कुणी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, मी जाऊन बघून येतो. मिरजेतून एकटे रेल्वेत बसले. बरोबर दशम्या, शेंगाचटणी, आणि गाळायच्या फडक्यासकट पाण्याचा कॅन. त्यांना मराठीशिवाय काही येत नाही, थोडं कानडी येतं, ते तिकडं कशाला चालतंय. मी काळजीत, त्रिशला काळजीत. चौथ्या दिवशी परत आले, दाढी वाढलेली, आणि आल्याआल्या कट्ट्यावरच बसले.

त्यांनी सगळं नीट बघितलं होतं. कॉलेज लय मोठं आहे म्हणाले, आत तळंच आहे, त्यात पोरं लहान जहाजं सोडून बघतात. मास्तर लोक चांगले. पोरींचं वसतिगृह स्वच्छ, दारावर बाई बसलेली. ते वसतिगृहाच्या स्वयंपाकघरापर्यंत गेले होते. खाणाखुणा करून त्यांनी आचाऱ्याला विचारलं होतं की रात्रीचं जेवण किती वाजता. आचाऱ्यानं बोटं दाखवली. मग वॉर्डनबाईंना एका कानडी येणाऱ्या पोराकडून विचारलं की पोरीला खोलीत शेगडी चालेल का, तर नाही. बाहेर खोली करून राहिली तर? पहिल्या वर्षाला वसतिगृहातच राहायचं. आणि तिथल्या जेवणात रोज मासे, त्याच कढया, तेच झारे.

"आठाला जेवत्यात बाई," अण्णा म्हणाले. "आठाला."

एवढंच. त्यावर त्यांनी निकाल दिला नाही, पोरीकडे नुसतं बघितलं. त्रिशला दाराशी उभी होती. मी वाट बघत होते की ही आता काहीतरी बोलेल, रडेल, आदळआपट करेल. माझी मुलगी असती तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. ती म्हणाली, "बरं अण्णा. मग हितलंच घेऊ." आणि आत जाऊन तिनं त्यांच्यासाठी पाणी तापवलं. आमच्या गल्लीत सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मीही केलं, आणि मनात हळहळलेही.

सांगलीत त्यांच्या समाजाचं मुलींचं एक वसतिगृह आहे, तिथं दिवस मावळायच्या आत पंगत उठते. अण्णांनी तिथं जागा मिळवली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. आता छाटणीच्या आत त्यांना बागेत परतायचं होतं. जायच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं तिच्यासाठी गादी, बादली, कुलूप असं आणायला चौकात गेलो. सगळं घेईपर्यंत दिवे लागले. क्लासच्या कोपऱ्यावर एक वड्याचा गाडा आहे, त्याच्यासमोरून आम्ही चाललो होतो. गाडेवाला बरा माणूस, पोरांना नावानं ओळखतो. त्यानं त्रिशलाला बघितलं आणि हसला.

"काय ताई, लय दिस आला न्हाईसा. तुमचं दोन वडे, मिरची जास्त, बांधू?"

अण्णा बादली घेऊन उभे. मी आधी समजले की तो दुसऱ्या कुणाला बोलतोय. पण त्रिशलाचा चेहरा बघितला आणि कळलं, तो तिलाच विचारतोय. अण्णा चालू लागले. आम्ही तिघं घरी आलो. कट्ट्यावर सामान ठेवलं, मी आत जायला निघाले तर अण्णा म्हणाले, बसा बाई. मला वाटतं, पोरीवर आपला आवाज चढू नये म्हणून त्यांना तिसरं माणूस हवं होतं. चढला नाहीच.

"कधीपास्नं?" त्यांनी विचारलं.

अकरावीच्या दिवाळीपासून, ती म्हणाली. साडेपाचला जेवायचं आणि बारापर्यंत अभ्यास, मध्ये पोटात आग पडायची. एकदा मैत्रिणीनं अर्धा वडा दिला. मग रोजचं झालं. क्लास सुटला की गाड्यावर खायचं, तोंड धुवायचं आणि घरी यायचं. अण्णांनी डोळे मिटले. मला वाटलं आता नियमाचं निघेल, महाराजांचं निघेल. पण त्यांनी दुसरंच विचारलं, आणि ते ऐकून मला कळलं की या माणसाच्या डोक्यात काय घुसलंय.

"मग केरळाच्या वक्ताला का बोलली न्हाईस?"

त्रिशला रडायला लागली. तिचं ते रडणं मला बघवेना. म्हणाली, "मला वाटलं, तुमाला मला लांब धाडायचंच न्हाई. जेवणाचं नुसतं निमित्त हाय. सांगून तरी काय उपेग व्हता? जायचं ऱ्हायलंच असतं आन्‌ वर तुमचं मन मोडलं असतं. तुमी लय मन लावून डबा आणत व्हतासा."

"निमित्त न्हवतं गं," अण्णा म्हणाले. "तेवढी एकच अडचण व्हती. दुसरी कायबी न्हवती."

आता सांगा, यात चुकलं कुणाचं? मी आयुष्यभर पोरांना चूक-बरोबर करत आले, मला अजून सांगता येत नाही. तिला राग यायचा, तर तो बापावर काढून मोकळी झाली असती तरी चाललं असतं. त्यांनी पोरीला एकदा विचारलं असतं, तुला काय वाटतंय, तरी निभावलं असतं. दोघंही एकमेकांना जपत राहिले आणि त्यात पोरीचा समुद्र गेला. माझा संताप होतो. अजून होतो.

दुसऱ्या दिवशी अण्णा गावाला गेले नाहीत. माझ्याकडून केरळच्या ऑफिसात फोन लावून घेतला. तिकडच्या माणसानं इंग्रजीत फार आदरानं सांगितलं की जागा दुसऱ्या कुणाला गेली, प्रवेश बंद झाले, पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देता येईल. मी मराठीत सांगितलं. अण्णा उठून वर गेले आणि पोरीला म्हणाले, वर्षभर मी हितंच राहतो, तू पुन्हा बस. तू म्हणशील तवा जेव, म्हणशील ते जेव, मी गाड्यावर जाऊन वडा आणून देतो. त्रिशलानं नाही म्हणून मान हलवली. आता मन लागायचं नाही म्हणाली. मी तिला बाजूला घेऊन पुष्कळ समजावलं, एक वर्ष म्हणजे काही नाही, आयुष्य पडलंय. ती ऐकून घेत होती, पण आतून ती दमली होती. दोन वर्षं चोरून खाल्लं आणि उघड उपाशी राहिली, दमणार नाही तर काय?

मग अण्णांनी एक गोष्ट केली, जी त्यांच्या गावात कुणाला पटली नाही. समाजाच्या वसतिगृहातली जागा सोडली आणि तिला कॉलेजच्या वसतिगृहात घातलं, जिथं सगळ्या पोरी आठाला जेवतात. पुष्कळांनी नावं ठेवली. बायको महिनाभर नीट बोलली नाही, असं त्यांनीच मला सांगितलं. महाराजांकडे जाऊन पोरीच्या वतीनं प्रायश्चित्त मागायला मात्र ते गेले नाहीत. तिचा नियम होता, तिनं बघावं, म्हणाले. स्वतःचा नियम त्यांनी तसाच पाळला.

त्रिशलाच्या कागदांवर स्थानिक पालक म्हणून माझं नाव होतं, त्यामुळे वसतिगृहाच्या स्नेहसंमेलनाला मलाही बोलावणं आलं. कार्यक्रम लांबला आणि पालकांना मुलींबरोबर जेवायला बसवलं तेव्हा चांगलंच अंधारलं होतं. अण्णा पलूसहून आले होते, तीच पांढरी विजार, टोपी, अंगानं उतरलेले. लांब टेबलावर आम्ही तिघं बसलो. वाढणाऱ्या मुलीनं अण्णांपुढं ताट ठेवलं, त्यांनी हसून ते माझ्याकडे सरकवलं. पाण्याचा पेलाही पालथा घातला. सगळीकडं आया लेकींच्या ताटात जिलेबी वाढत होत्या, फोटो काढत होत्या.

त्रिशलानं एक घास घेतला आणि थांबली. बापापुढं रात्रीचं जेवायची तिची ही पहिलीच वेळ. ताट बाजूला करत म्हणाली, मला पण भूक नाही, आपण बाहेर जाऊन बसू.

अण्णांनी ताट परत तिच्यासमोर ओढलं.

"जेव," ते म्हणाले. "तुला भूक लागल्यावर जेवताना मी कवा बघितलंच न्हाई."

ती जेवायला लागली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ती जेवली, चांगलं पोटभर. अण्णा हाताची घडी घालून समोर बसले होते आणि ताटातलं संपेपर्यंत त्यांनी दुसरीकडं कुठं बघितलं नाही.